कवळीचा कांठ आणि ठशाभोंवतालची भिंत

दांत गेलेल्या माणसाला कवळी मिळाली म्हणजे तो सुखी झाला, असें घरांतल्या इतर माणसांना वाटतें. कवळी घालणाऱ्याचा अनुभव मात्र पुष्कळदां निराळा असतो. भाकरीचा तुकडा मोडला कीं खालची कवळी उचलते. बोलतां बोलतां वरची सुटून जिभेवर येते. हसूं आलें तर हात तोंडावर न्यावा लागतो. कांहीं दिवसांनीं ती कवळी पेल्यांतल्या पाण्यांत पडून राहते आणि आजोबा मऊ भातावर दिवस काढूं लागतात. दोष कधीं हिरडीचा असतो, ती झिजून सपाट झालेली असते. कधीं ठसा घेणाराचा असतो, कधीं दांत मांडणाराचा. परंतु एक दोष असा आहे कीं, तो रोग्याच्या तोंडांत उत्पन्न होत नाहीं आणि दंतवैद्याच्या खुर्चीपाशींहि होत नाहीं. ठसा उत्तम निघाल्यानंतर त्यांत प्लास्टर ओतण्याच्या वेळीं, कारागिराच्या टेबलावर, दहा-पंधरा मिनिटांच्या अवधींत तो घडून जातो, आणि घडलेला कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. तो टाळण्यासाठीं ठशाभोंवतीं मेणाची भिंत उभी करण्याची जी रीत आहे, तिला दंतवैद्यकांत ‘बॉक्सिंग’ म्हणतात. मुष्टियुद्धाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. बॉक्स म्हणजे पेटी. ठशाला पेटी करणें एवढाच त्याचा अर्थ.

सगळे दांत गेलेल्या तोंडांत कवळीला धरून ठेवणारें दुसरें कांहीं नसतें. जबड्याच्या हाडांत धातूचे खुंट बसवून त्यांवर कवळी अडकविण्याची सोय आतां झाली आहे, पण तो खर्च ज्यांना झेपतो त्यांची गोष्ट निराळी. एरवीं कवळी आणि हिरडी यांच्यामध्यें लाळेचा एक पातळ पदर राहतो, आणि दोन ओल्या कांचा एकमेकींना चिकटाव्या तशी कवळी त्या पदराच्या योगानें चिकटून बसते. हा पदर टिकावयाचा तर कांठाकडून हवा आंत शिरतां कामा नये. कवळीचा कांठ कोठें टेकतो हें समजण्यासाठीं श्रोत्यांनीं आपल्या जिभेचें टोंक खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणींत फिरवून पाहावें. ही खोबण सर्वत्र सारखी नाहीं. मध्यभागीं ओठाचा बंध तिला अडवितो. गालाकडे ती रुंद होते. बोलतांना वर उचलली जाते, जांभई देतांना ताणली जाते. कवळीचा कांठ या खोबणींत नेमका भरून बसला पाहिजे. तो आखूड पडला तर हवा शिरते. लांब झाला तर गाल हलतांच कवळी ढकलली जाते आणि तेथें जखमहि होते. पातळ झाला तर गालाशीं त्याचा मेळ राहत नाहीं. कांठाच्या उंचीची चौकशी सगळे करतात. त्याच्या जाडीची आणि गोलाईची आठवण मात्र फार थोड्यांना असते, आणि तेथेंच पुढचा सारा घोटाळा होतो.

ठशावरून नमुना आणि नमुन्यावरून कवळी हा मार्ग बराच जुना आहे. पूर्वीं हस्तिदंताचा तुकडा पुन्हां पुन्हां तोंडांत लावून पाहात कोरावा लागे, आणि त्यांत कारागिराइतकाच रोगीहि मेटाकुटीस येई. मेणांत ठसा घेऊन त्यांत प्लास्टर ओतण्याची कृति १७५६ मध्यें फिलिप फाफ यानें आपल्या जर्मन ग्रंथांत दिली. हा प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा दंतवैद्य होता. तेव्हांपासून ठशाचे पदार्थ कितीतरी बदलले, तथापि त्यामागील तत्त्व तेंच राहिलें: तोंडांत जेथें उंचवटा तेथें ठशांत खळगा, आणि ठशांत जेथें खळगा तेथें नमुन्यांत पुन्हां उंचवटा.

संपूर्ण कवळीचा ठसा एका बैठकींत एका दमांत घेत नाहींत. प्रथम एक ढोबळ ठसा घेऊन त्यावरून त्या एकाच माणसाच्या मापाचा ट्रे तयार करतात. त्या ट्रेच्या कांठाला उष्णतेनें मऊ होणारें कंपाउंड लावून तो तोंडांत धरतात, आणि रोग्याला ओठ पुढें काढावयास, जीभ डावीउजवीकडे न्यावयास, आ करावयास सांगतात. गाल आणि ओठ स्वतःच त्या मऊ कांठाला आकार देतात. शेवटीं झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलांत सांपडणारें युजेनॉल यांची लापशी, किंवा रबरासारखा एखादा नवा पदार्थ, पातळ थरानें ट्रेमध्यें भरून अंतिम ठसा घेतात. इतक्या खटाटोपानें मिळालेला तो गोलसर कांठ म्हणजे त्या ठशाचें सर्वस्व होय. तो सर्वत्र सारखा रुंद नसतो. बहुतेक ठिकाणीं दोन-तीन मिलिमीटर, कोठें त्याहून अधिक. असा ठसा कारागिराकडे जातो.

घाईचा कारागीर काय करतो? तो प्लास्टर कालवितो, ठसा भरतो, उरलेल्या प्लास्टरचा एक गोळा टेबलावरच्या कांचेवर टाकतो आणि भरलेला ठसा त्यावर उपडा दाबून ठेवतो. मग सुरीनें भोंवतालचें प्लास्टर सारखें केलें कीं काम झालें. दिसावयास हा नमुना ठीकच दिसतो. परंतु गोळा सैल असेल तर ठसा आपल्या वजनानें त्यांत रुततो आणि प्लास्टर ट्रेच्या पाठीवर चढून बसतें. तें घट्ट झाल्यावर ट्रे सोडवितांना नमुन्याचा कांठच फुटतो, किंवा तो सोडविण्यासाठीं कारागीर बाहेरची कड तासतो आणि तासतां तासतां कांठाची बाहेरची बाजू नाहींशी होते. उलट, गोळा फार घट्ट असेल तर ठसा वरच तरंगतो आणि कांठापर्यंत प्लास्टर पोंचतच नाहीं. सुरी फिरवितांना ती ठशाच्या कांठाखालून गेली कीं वरून गेली, हें त्या ओल्या चिखलांत कोणाला कळावें? अशा नमुन्यावर कवळी करावयास बसलेल्या माणसाला कांठ कोठें संपतो हें दिसतच नाहीं. मग तो अंदाजानें संपवितो. ज्या कांठासाठीं रोग्यानें अर्धा तास तोंड उघडें ठेवलें, तो शेवटीं अंदाजानें ठरतो.

उपडें करण्यांत आणखी एक दोष आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नसल्यामुळें त्याकडे अधिक दुर्लक्ष होतें. प्लास्टर आणि त्याचा भाऊ डेंटल स्टोन हे दोन्हीं जिप्सम भाजून केलेले असतात. भाजतांना जिप्सममधील पाण्याचा बराच अंश निघून जातो, आणि पुन्हां पाणी मिळतांच ती पूड स्फटिकरूपानें घट्ट होते. या क्रियेला शंभर ग्रॅम पुडीमागें १८.६ मिलिलिटर एवढेंच पाणी लागतें. पण तेवढ्या पाण्यांत पूड नीट कालविली जात नाहीं. म्हणून स्टोनला सुमारें ३० आणि साध्या प्लास्टरला ४५ ते ५० मिलिलिटर पाणी घालावें लागतें. वरचें पाणी केवळ कालविण्यापुरतें असतें. तें पुढें उडून जातें आणि आपल्या जागीं बारीक छिद्रें ठेवून जातें. आतां पूड जड आणि पाणी हलकें असल्यामुळें घट्ट होण्यापूर्वीं पाणी आणि हवेचे बुडबुडे वर चढूं लागतात. ठसा उताणा असेल, म्हणजे हिरडीची बाजू वर ठेवून त्यांत स्टोन ओतला असेल, तर हें पाणी नमुन्याच्या बुडाकडे जातें. तें बूड पुढें घासून सपाट करावयाचेंच असतें. ठसा उपडा केला कीं तेंच पाणी ठशाच्या पृष्ठाशीं येऊन थांबतें. म्हणजे ज्या पृष्ठावर कवळी घडवावयाची, नेमकें तेंच पोंचट होतें. स्टोन घट्ट होईपर्यंत ठसा उताणाच ठेवतां यावा, यासाठींच त्याला भिंत पाहिजे; बुडाला कांहीं आधार न देतां पातळ स्टोन नुसता उभा राहणार कसा?

ही भिंत बांधण्याची सर्वांत प्रचलित रीत मेणाची. प्रथम मेणाची एक वात घेतात. ती चार-पांच मिलिमीटर जाड असते. ती ठशाच्या बाहेरच्या अंगानें, कांठाच्या माथ्यापासून दोन-तीन मिलिमीटर खालीं सर्व बाजूंनीं फिरवून चिकटवितात. सारें मर्म या दोन-तीन मिलिमीटरांत आहे. वात कांठाच्या माथ्याशींच लावली तर नमुन्यांत कांठाची बाहेरची बाजू उमटत नाहीं, आणि मग बॉक्सिंग करूनहि न केल्यासारखेंच होतें. वात फार खालीं गेली तर नमुन्यांत खोल चर पडतो. त्यांतून ठसा सोडवितांना नमुना तुटतो आणि पुढें त्या चरांत बोट किंवा हत्यार पोंचत नाहीं. वात लावण्यापूर्वीं पेन्सिलीनें सगळीकडे रेघ आंखून घेणारा कारागीर सहसा चुकत नाहीं.

वरच्या जबड्याच्या ठशांत वात मागच्या बाजूनें टाळूच्या शेवटाखालून आडवी न्यावी लागते, आणि तेथें ती जरा रुंद ठेवणें बरें. कारण नमुना घासतांना मागची कडच आधीं झिजते. खालच्या ठशाचा आकार घोड्याच्या नालासारखा असतो व मध्यें जिभेची जागा मोकळी असते. ती मेणाचा पत्रा कापून झांकतात. हा पत्राहि जिभेकडील कांठाच्या माथ्याशीं लावावयाचा नाहीं. बाहेरच्या वातीप्रमाणें तो दोन-तीन मिलिमीटर खालींच असावा. जिभेकडचा कांठ हा खालच्या कवळीचा प्राण म्हटला तरी चालेल, आणि बहुतेक वेळां बिघडतो तो हाच. कारण बाहेरची वात सर्वांना दिसते, आंतला पत्रा मात्र घाईनें कोंबला जातो.

वात बसली कीं तिच्या बाहेरून मेणाची रुंद पट्टी उभी गुंडाळतात. बॉक्सिंगचें मेण मुद्दाम लवचिक केलेलें असतें, म्हणून तें वांकवितांना चिरत नाहीं. पट्टी ठशाच्या सर्वांत उंच भागाहून तेरा मिलिमीटर, म्हणजे सुमारें अर्धा इंच, वर आली पाहिजे. नमुन्याच्या बुडाची जाडी हिच्यावरच ठरते. बूड याहून पातळ झालें तर पुढें कवळी दाबानें भरतांना नमुना तडकतो. फार जाड झालें तर स्टोन वायां जातो आणि नमुना भट्टीच्या डब्यांत मावत नाहीं. ठसा टेबलावर समपातळींत ठेवून मगच पट्टी लावावी, नाहीं तर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असा लंगडा नमुना निघतो. पट्टी आणि वात यांचा सांधा गरम पात्यानें बाहेरून वितळवून बंद करतात. आंतून पातें लावण्याचा मोह टाळावा. वितळलेलें मेण ओघळून एकदां ठशावर पडलें कीं तें काढतांना ठसाहि ओरबाडला जातो. कंपाउंडच्या ठशाला तर तापलें पातें जवळून गेलें तरी धोका, कारण तें स्वतःच उष्णतेनें मऊ होणारें. शेवटीं या पेटींत थोडें पाणी ओतून ती कोठें गळते का हें पाहावें. शेतांत पाणी सोडण्यापूर्वीं शेतकरी बांधाकडे एक नजर टाकतो, त्यांतलाच हा प्रकार. भोंक सांपडलें तर बुजवावें आणि पाणी काढून टाकून ठसा नुसता ओलसर ठेवावा. तळाशीं पाण्याचें थारोळें राहिलें तर तेथील स्टोन पातळ होतो.

यानंतरचें ओतणें सोपें असलें तरी त्यांतहि युक्ति आहे. स्टोन मोजून घ्यावा, पाणी मोजून घ्यावें, पाण्यांत पूड सोडावी आणि बुडबुडे राहणार नाहींत असा कालवावा. पेटी कंपनयंत्रावर धरून ठशाच्या एका टोंकाला थोडा थोडा स्टोन सोडावा, म्हणजे तो आपणहून पुढें सरकत दुसऱ्या टोंकाकडे जातो आणि जातांना पुढची हवा बाहेर ढकलतो. सगळीकडून एकदम ओतला तर हवा मध्यें कोंडली जाते, आणि तिची पोकळी नेमकी हिरडीच्या माथ्यावर किंवा कांठांत निघते. ठशाचें पृष्ठ झांकलें गेलें कीं पुढचा स्टोन भराभर ओतून पेटी भरावी व ती तशीच ठेवावी. स्टोन घट्ट होतांना गरम होतो आणि मग निवतो. निवल्यानंतर, साधारणपणें पाऊण ते एका तासानें, मेण सोडवावें. तें धुऊन पुन्हां वापरतां येतें.

मेण प्रत्येक ठशाला चिकटत नाहीं. १९५० नंतरच्या काळांत रबरासारखे ठशाचे पदार्थ प्रचारांत आले. ते ताणले तरी पूर्वस्थितीला येतात, पण त्यांच्या गुळगुळीत अंगावर मेण ठरत नाहीं. वात लावली तर एका बाजूनें चिकटते आणि दुसऱ्या बाजूनें सुटते. अशा ठशांसाठीं एक जुनीच रीत उपयोगी पडते. प्लास्टर आणि प्यूमिस, म्हणजे ज्वालामुखींतून निघणाऱ्या हलक्या सच्छिद्र दगडाची पूड, हीं दोन्हीं समभाग घेऊन पाण्यांत कालवितात. कवळी चकचकीत करण्यासाठीं प्यूमिस कारागिराजवळ असतेंच. या लगद्याच्या ढिगांत ठसा उताणा बसवितात, आणि लगदा घट्ट होऊं लागला कीं सुरीनें कोरून कांठाचा वरचा तीन-चार मिलिमीटर भाग मोकळा करतात व भोंवतीं सपाट ओटा राखतात. त्या ओट्याला साबणाच्या पाण्याचा किंवा त्याच कामाच्या एखाद्या द्रावाचा हात दिला कीं वरचा स्टोन त्याला धरत नाहीं. मग या गड्ड्याभोंवतीं मेणाची पट्टी गुंडाळून स्टोन ओततात. प्यूमिसमुळें खालचा लगदा ठिसूळ राहतो, म्हणून तो पुढें सहज फुटून निघतो. नुसतें प्लास्टर घेतलें तर छिन्नी लावावी लागेल. या रीतीला वेळ अधिक लागतो व टेबलावर पसाराहि होतो. तथापि ठशावर ताण मुळींच पडत नाहीं आणि कांठ मेणाच्या रीतीपेक्षांहि स्वच्छ कोरतां येतो. ज्या जबड्याची हिरडी अगदींच झिजली आहे त्याच्या ठशाला हीच रीत योग्य, मग ठसा कोणत्याहि पदार्थाचा असो. कोणी मेणाच्या वातीच्या जागीं मूर्तिकाराच्या तेलकट मातीसारखी मऊ माती वापरतात. तीहि चालते, मात्र तिचा दाब ठशावर पडूं देऊं नये.

आल्जिनेटच्या ठशाचा प्रकार वेगळा. दुसऱ्या महायुद्धाच्या पूर्वीं लवचिक ठशासाठीं आगर वापरीत, आणि तें मुख्यतः जपानहून येई. युद्धांत तें मिळेनासें झालें तेव्हां तपकिरी समुद्रशेवाळापासून निघणाऱ्या आल्जिनेटला महत्त्व आलें, आणि आज जगभर ढोबळ ठसे बहुधा त्यांतच घेतले जातात. हा ठसा बहुतांशीं पाण्याचा असतो. हवेंत ठेवला तर सुकून आकसतो, पाण्यांत ठेवला तर फुगतो, आणि ओल्या अंगामुळें त्यावर मेण चिकटत नाहीं. भिंत बांधण्यांत जो वेळ जाईल तेवढ्यांत ठसाच बदलून जाईल. त्यास्तव आल्जिनेटच्या ठशाला सहसा पेटी करीत नाहींत. तो घेतल्यापासून दहा-पंधरा मिनिटांच्या आंत उताणा ठेवूनच स्टोननें भरतात, वरच्या अंगाला मुद्दाम खडबडीत उंचवटे ठेवतात, आणि तो थर घट्ट झाल्यावर मगच दुसऱ्या कालवणाच्या ढिगावर उपडा करून बूड जोडतात. पहिला थर घट्ट झालेला असल्यामुळें पाणी वर चढण्याचा प्रश्न उरत नाहीं. भिंत नाहीं, पण भिंतीचा हेतु साधला जातो.

आतां कित्येक दवाखान्यांतून तोंडाचें चित्र घेणारीं यंत्रें आलीं आहेत, आणि त्या चित्रावरून यंत्रच नमुना किंवा कवळी तयार करतें. जेथें दांत आहेत तेथें हीं यंत्रें उत्तम काम देतात. दांत नसलेल्या तोंडांत मात्र हलणाऱ्या गालाचा आणि ओठाचा आकार ट्रेवरच घ्यावा लागतो असा पुष्कळांचा अनुभव आहे. तेव्हां कांहीं ठिकाणीं ठसा हातानें घेऊन त्याचेंच चित्र यंत्राला देतात. तेथें स्टोनहि नको आणि मेणहि नको. पण तें यंत्र जेथें नाहीं तेथें, म्हणजे अजून बहुसंख्य ठिकाणीं, मेणाची पट्टी हेंच साधन आहे. खरें पाहतां कारागिराला दोष देण्यापूर्वीं दंतवैद्यानें निदान वात तरी स्वतः लावून ठसा पाठवावा. गालाची खोबण कोठें वळते हें त्यानें पाहिलेलें असतें. कारागिरानें त्या माणसाचें तोंड कधींच पाहिलेलें नसतें.

मेण सोडविल्यानंतर झिंक ऑक्साइडचा किंवा कंपाउंडचा ठसा नमुन्यासह सुमारें साठ अंश उष्णतेच्या पाण्यांत पांच-दहा मिनिटें ठेवतात, म्हणजे ठसा मऊ होऊन नमुना न दुखवितां निघतो. नीट बॉक्सिंग केलेल्या नमुन्यांत हिरडीच्या सभोंवतीं दोन-तीन मिलिमीटर खोल, गोल तळाची खोबण दिसते, आणि तिच्याबाहेर तीन-चार मिलिमीटर रुंदीची सपाट पाळी. ही पाळी म्हणजे वातीनें मागें ठेवलेली जागा. नमुना घासतांना तिची रुंदी याहून कमी करूं नये. खोबणीचें रक्षण तीच करते. पुढें कवळीचें मेण या खोबणींत भरलें जातें आणि मेणाच्या जागीं अ‍ॅक्रिलिक येतें, तेव्हां कांठाची उंची, जाडी आणि गोलाई हीं तिन्हीं ठशावरून जशींच्या तशीं उतरतात. कोणालाहि अंदाज करावा लागत नाहीं. भट्टींतून निघालेली कवळी नमुना फोडूनच बाहेर काढावी लागते, म्हणून त्यानंतर कांठाशीं ताडून पाहावयास कांहीं शिल्लक राहत नाहीं. तेव्हां कवळीला चकाकी आणतांना कांठावर घासणारा दगड फिरवूं नये. फोडीसारखा एखादा कण चिकटला असल्यास तेवढाच काढावा, आणि बाकीच्या कांठाला ओल्या प्यूमिसचा मऊ ब्रश नुसता ओझरता लावावा.